नवा गणवेश: पुठ्ठ्यावरच्या रेघेपासून दुकानाच्या फळीपर्यंत

माझी भाची पाचवीत होती तेव्हा रुमाल कमरेच्या पट्ट्यात खोचून आणि दहाची नोट मोज्यात घालून शाळेला जायची. तिच्या भावाच्या हाफ पँटला तीन खिसे. हिच्या ट्यूनिकला, म्हणजे शर्टावर घालायच्या फ्रॉकला, एकही नाही. आणि गंमत म्हणजे तो ट्यूनिक माझ्याच सोलापुरातल्या कारखान्यात शिवलेला. आम्ही वर्षानुवर्षं कापडावर तोच मापाचा पुठ्ठा ठेवून कापत होतो, खिसा नाही हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या ट्यूनिकला खिसा लावून तो बाजारात आणायला आम्हाला दहा महिने लागले. गणवेशाच्या किंवा रेडीमेडच्या धंद्यात नवा माल आणू पाहणारे पुष्कळ जण मला विचारतात, "सुरुवात कुठून करायची?" म्हणून ते दहा महिने जसे गेले तसे मांडतो. शर्ट, कुर्ती, नाईट सूट काहीही करा, पायऱ्या साधारण याच असतात.

आधी अडचण, मग चित्र

नवीन माणूस बहुतेक वेळा मोबाईलवरचा फोटो घेऊन येतो आणि म्हणतो, "असं पाहिजे." फोटोवरून एक नग शिवता येतो, धंदा उभा राहत नाही. आधी हे कोण घालणार, पैसे कोण देणार आणि विकणार कोण, हे तिघं वेगळे करा. गणवेशात ते खरोखरच वेगळे असतात, वर चौथी शाळा. घालते मुलगी, पैसे देते आई, रंग ठरवते शाळा आणि फळीवर ठेवायचं की नाही ते ठरवतो दुकानदार. मुलीला खिसा हवा असतो. आईला दोन वर्षं टिकणारं कापड हवं असतं. शाळेला सगळ्या मुली एकसारख्या दिसायला हव्या असतात, आणि दुकानदाराला साईज पटकन सापडणारी घडी हवी असते. चौघांपैकी एकाला जरी विसरलात तर माल पडून राहतो.

मी एक वही केली. पंधरा दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभा राहिलो आणि ओळखीच्या घरांतले वर्षभर वापरलेले आठ-दहा जुने गणवेश मागून आणले. जुना कपडा खोटं बोलत नाही. बगलेखाली उसवलेली टीप, गळ्याशी ढिली पडलेली पट्टी, चेनच्या टोकाशी फाटलेलं कापड, आणि जवळपास प्रत्येक ट्यूनिकचा दाब, म्हणजे खालची दुमडलेली कड, आईने हाताने उसवून खाली सोडलेला. त्या वहीतून आमची तीन कामं ठरली: दोन खिसे, सोडता येईल असा रुंद दाब आणि बगलेला मजबुती. बाकी काही बदलायचं नाही. एका हंगामात एका कपड्यात तीनपेक्षा जास्त बदल केले तर चूक कुठे झाली ते कळत नाही.

कॅलेंडर उलटं वाचा

महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. खरेदीची खरी झुंबड मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत. त्यासाठी दुकानदार माल जानेवारी ते मार्चमध्ये ठरवतो. म्हणजे डिसेंबरअखेर तुमच्या हातात पक्का नमुना आणि पक्का भाव पाहिजे. म्हणजे नोव्हेंबरात कापड ठरलेलं पाहिजे. म्हणजे वही घेऊन शाळेबाहेर उभं राहायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये.

सोलापुरात या कॅलेंडरमध्ये आणखी दोन खुणा कराव्या लागतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा शहराच्या पूर्व भागात काम बंद. आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा. ते चार-पाच दिवस मशीनवर कुणी येईल अशी आशा धरू नका, आणि येऊही नये. पहिल्या वर्षी मी १६ जानेवारीची डिलिव्हरी कबूल करून बसलो होतो. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला नंदीध्वज समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.

कापड: इथे घाई केली की वर्ष गेलं

बाहेरच्यांचा समज असतो की सोलापूर म्हणजे माग, म्हणजे गणवेशाचं कापड इथलंच. १८७७ साली इथे सूत-कापडाची गिरणी सुरू झाली, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि यंत्रमाग वाढले हे खरं. पण इथले माग मुख्यतः चादर आणि टॉवेल विणतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. गणवेशाचं बहुतेक कापड बाहेरून येतं. ट्यूनिक-पँटचं सूटिंग भिलवाड्याकडून, सुती आणि शर्टिंग इचलकरंजी-भिवंडीकडून, निव्वळ सिंथेटिक सुरतेहून. सोलापूरची ताकद आहे ती शिलाईत: हात बसलेले कारागीर, जॉबवर्कचं म्हणजे मजुरीवर काम करून देणाऱ्यांचं जाळं आणि घरी बसून काजबटण, धागाकटिंग करणाऱ्या बायका.

कापडात पहिला निर्णय मिश्रणाचा. शर्टाला पीसी म्हणजे पॉलिएस्टर-कॉटन, ट्यूनिक आणि पँटला पीव्ही म्हणजे पॉलिएस्टर-व्हिस्कोस. पॉलिएस्टर जास्त असेल तर इस्त्री कमी लागते, रंग टिकतो, पण उकडतं. आपल्याकडे जूनमध्येही पाऊस नसेल तर वर्गात पंख्याखाली घाम निथळतो. आम्ही शर्टाला कॉटनचं प्रमाण वाढवून पाहिलं. मुली खूश, आया नाराज, कारण सकाळी इस्त्रीला वेळ कुणाकडे आहे? शेवटी शर्ट जुन्याच मिश्रणात ठेवला आणि हवा खेळावी म्हणून फक्त विण थोडी मोकळी घेतली.

दुसरं, वजन. विक्रेता सांगेल ते जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, मान्य करू नका. कापडाचा बरोबर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, सोनाराच्या काट्यावर ग्रॅममध्ये तोला आणि १०० ने गुणा. २.१ ग्रॅम भरला तर २१० जीएसएम. एक तुकडा पुरत नाही. ताक्याच्या दोन्ही काठांजवळून आणि मधून असे तीन घ्या.

तिसरं, आटणं. इथे मी मार खाल्लाय, म्हणून सविस्तर सांगतो. कापडावर पक्क्या शाईने ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. घरी धुतात तसं तीन वेळा धुऊन वाळवा. मशीन आणि ड्रायरच्या चाचणीपेक्षा हे महत्त्वाचं, कारण शहरातल्या कितीतरी भागांत पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आठवड्याचे गणवेश एकदम भिजत पडतात, तेही बरेचदा गरम पाण्यात. मग परत मोजा. ५० चे ४८.५ झाले तर आटणं ३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. २८ इंचांच्या ट्यूनिकला ३ टक्के म्हणजे पाऊण इंचाहून जास्त. ताण्याकडून म्हणजे उभ्या धाग्यांकडून आणि बाण्याकडून म्हणजे आडव्या धाग्यांकडून आटण्याचं प्रमाण वेगळं असतं, तेही लिहून ठेवा आणि पॅटर्नमध्ये तितकी भर घाला.

एका वर्षी घाईत नव्या व्यापाऱ्याकडून गडद निळं कापड उचललं आणि धुऊन पाहिलंच नाही. "आपल्याच मालासारखा माल आहे," असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. चारशे नग गेले. ऑगस्टमध्ये एका शाळेच्या बाईंनी एक मुलगी माझ्यासमोर उभी केली. ट्यूनिक गुडघ्याच्या चार बोटं वर. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. नग बदलून दिले. कापडाचे पैसे मिळाले नाहीत, आणि मागणार तरी कोणत्या तोंडाने, चाचणी मीच केली नव्हती.

चौथं, रंग. ओला पांढरा रुमाल कापडावर वीस वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर पांढऱ्या शर्टाच्या शेजारी ते कापड चालणार नाही. शिवाय एकाच रंगाचे दोन लॉट एकसारखे कधी नसतात. ट्यूबलाईटखाली जुळलेले दोन ताके उन्हात नेले की एक निळा, दुसरा जांभळट दिसतो. म्हणून शेड नेहमी गच्चीवर, सकाळी दहाच्या सुमाराला बघायची. प्रत्येक ताक्याची कापटी कागदावर चिकटवून लॉट नंबर घाला. पुढच्या वर्षी त्याच शाळेचा रंग जुळवायला तो कागदच उपयोगी पडतो.

मांजरपाटावर चुका करा

पहिला नमुना मूळ कापडात शिवू नका. मांजरपाटाचं कोरं कापड स्वस्त असतं आणि त्यावर पेनने लिहिता येतं. आमचे कटिंग मास्तर नमुन्यावर थेट रेघा मारतात: "इथं ओढतंय", "इथं फुगतंय". पहिल्या मांजरपाटी ट्यूनिकला मी घेर भरपूर दिला होता. मास्तरांनी तो टेबलावर पसरला आणि म्हणाले, "दिसायला छान हाय की ओ, पण कापड खातंय." चुण्यांची खोली पाव-पाव इंच कमी केली. दिसण्यात काही फरक पडला नाही, पण पाच इंच कापड वाचलं.

खिशाचं म्हणाल तर तो तीनदा चुकला. पहिल्यांदा बाजूच्या शिवणीत सरळ उभा दिला. तोंड उघडं पडायचं, पाठीमागून पांढरं अस्तर दिसायचं. दुसऱ्यांदा तोंड तिरकं केलं, पण पिशवी मोकळी सोडली. मुलगी पळाली की नाणी मांडीवर आपटायची. तिसऱ्यांदा पिशवीची वरची कड कमरेच्या जोडात धरली, तोंड साडेपाच इंच, खोली सहा इंच, दोन्ही टोकांना बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची मजबुती. मग बसला. पिशवीला मूळ कापड वापरायचं नाही. महाग पडतं आणि जाड होतं. खिशाचं वेगळं पातळ कापड मिळतं, फक्त रंग ट्यूनिकशी जुळता घ्यायचा.

दाबाची गोष्ट आणखी निराळी. सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर उंच होतं. ट्यूनिकच्या लांबीला त्यातला सव्वा-दीड इंच लागतो. माझी कल्पना अशी होती की जादा कापड खाली ठेवण्याऐवजी कमरेशी आडव्या घडीत लपवावं, वर पट्टा येतो, जुनी रेघ दिसणार नाही. ऐकायला फार हुशार. शिवून पाहिलं तर चुण्यांवर आडवी घडी आल्यावर पोटाशी हा एवढा जाड गोळा. भाचीने आरशात पाहिलं आणि तो ट्यूनिक काढून टाकला. परत खालच्या दाबावर आलो, पण दीडऐवजी अडीच इंच ठेवला आणि त्याची टीप मोठ्या टाक्याची घेतली म्हणजे आईला दाताने धागा तोडून उसवता येईल. सोडल्यावर पाऊण इंच दुमडायला उरतो, पावणेदोन इंच मिळतात. मूल दुसऱ्या वर्षातही निभतं.

नमुना खऱ्या मुलीच्या अंगावर घाला. डमीवर सगळंच शोभतं. तिला हात वर करायला सांगा, खाली वाकायला सांगा, दप्तर घेऊन जिना चढायला सांगा. मुंढा, म्हणजे हात घालायचा घेर, काचतो का हे दप्तर पाठीवर असतानाच कळतं. आणि लहान मुलांच्या कपड्याला गळ्याशी दोरी, लोंबती नाडी ठेवू नका. घसरगुंडीत, रिक्षाच्या दारात अडकते.

मनासारखा झाला की तसाच एक नग मूळ कापडात शिवा, त्यावर तारीख घाला, सही करा आणि कुलपात ठेवा. याला आम्ही सील नमुना म्हणतो. पुढे कारागीर, जॉबवर्कवाला किंवा दुकानदार यांच्याशी वाद झाला तर बोलण्यापेक्षा तो नमुना टेबलावर ठेवला की भागतं.

एका मापातून दहा मापं

ट्यूनिकची साईज लांबीवर धरतात. आमच्याकडे २० ते ३८, दोन-दोन इंचांनी. नवशिका काय करतो, सगळीकडे सारखीच वाढ देतो. लांबी दोन इंच वाढली म्हणून खांदा दोन इंच वाढत नाही. आम्ही छातीला इंचभर, खांद्याला पाव ते अर्धा आणि मुंढ्याला पाव इंच देतो. ३२ च्या पुढे मुलीचं अंग बदलतं, तिथे छातीचं माप वेगळं घ्यावं लागतं आणि टक्सही, म्हणजे छातीशी आकार देणाऱ्या शिवणी. एकच पुठ्ठा वाढवत नेला तर नववी-दहावीच्या मुलींना ट्यूनिक छातीवर ताणतो आणि त्या लाजेने बोलत नाहीत, नुसतं जॅकेट घालून फिरतात. मधल्या मापाचा एक, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा असे तीन नग तरी शिवून घालून बघा. संगणकावर ग्रेडिंग, म्हणजे एका मापावरून बाकीची मापं, करून देणारे हल्ली सहज मिळतात, पण आकडे तुम्हीच द्यायचे असतात.

हिशेब

खालचे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे तुम्ही भरा. २८ नंबरच्या एका ट्यूनिकला ५८ इंच पन्ह्याचं कापड १.१० मीटर, १३० रुपये मीटरने १४३ रुपये. टोकं, डाग, कापणीतली घट यांचे ४. बटणं, चेन, फ्युजिंग (आत चिकटवायचं कापड), धागा, लेबल यांचे १८. कटिंग ५, शिलाई ५५, काजबटण ४, धागाकटिंग-इस्त्री-पॅकिंग १२, म्हणजे मजुरी ७६. भाडं, वीज, नमुने, खराब निघालेले नग यांचे २०. झाले २६१. त्यावर ३१ रुपये नफा धरला तर २९२. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला जीएसटी ५ टक्के आहे, तो धरून सुमारे ३०७ ला दुकानदाराच्या हातात. त्याचा खर्च-नफा धरून छापील किंमत ४५० च्या आसपास जाते.

आता दोन खिशांचे पैसे बघा. पिशवीचं कापड आणि जादा शिलाई मिळून १४ रुपये, वरच्या हिशेबात ते आहेत. माझ्या एका भावकीतल्या उत्पादकाने विचारलं, "चौदा रुपये वाया कशाला घालवतोस?" प्रश्न चुकीचा नव्हता. लाखभर नग करणाऱ्याला चौदा रुपये म्हणजे चौदा लाख. पण घेर कमी करून पाच इंच कापड वाचलं होतं, त्यातले सोळा-सतरा रुपये मी खिशाकडे वळवले. नव्या गोष्टीचा खर्च जुन्या उधळपट्टीतून काढता आला तर भाव वाढवावा लागत नाही.

भाव साईजवार सांगायची पद्धत आहे. एका साईजचा भाव धरायचा आणि पुढे प्रत्येक साईजला ठरावीक रुपये चढ. ही चढ नीट काढा. अंदाजाने धरली तर लहान मापांत कमावलेलं मोठ्या मापांत जातं.

सरकारी शाळांचं गणित निराळं. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांना मिळून विद्यार्थ्यामागे ६०० रुपये धरले जातात, म्हणजे शर्टासकट अख्ख्या एका गणवेशाला ३००. तिथे खिशाला जागा नाही. २०२४-२५ मध्ये राज्याने या शाळांना मध्यवर्ती पद्धतीने एकसारखा गणवेश द्यायचं ठरवलं होतं. वेळेबद्दल आणि मापांबद्दल तक्रारी झाल्या आणि पुढच्या वर्षापासून काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. त्या बाजारात उतरायचं असेल तर समितीला जाऊन भेटा, पण पहिल्या वर्षी त्याच्या भरवशावर कापड भरू नका.

कापणीपासून घडीपर्यंत

कापड आलं की लगेच कापू नका. ताके सोडून एक रात्र मोकळे पडू द्या. गुंडाळताना ताणलेलं कापड रात्रीत थोडं आखडतं. थर लावताना ओढायचं नाही. मार्करमध्ये, म्हणजे कापडावर तुकडे मांडायच्या आराखड्यात, चुण्यांचे मोठे तुकडे आधी बसवा, खिसे, पट्ट्या, गळे उरलेल्या फटीत. एकाच मापाचा मार्कर लावण्यापेक्षा २४ आणि ३२ एकत्र लावले तर फटी जास्त भरतात.

कापल्यावर प्रत्येक तुकड्याला नंबराचा स्टिकर. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं आणि मग सातव्या थराचा पुढा अकराव्या थराच्या पाठीला जोडला जातो. एकाच ताक्यात शेड थोडी हलते, दोन ताक्यांत तर हमखास. गिऱ्हाईक म्हणतं, "हे काय ओ, दोन रंगाचं शिवलंय का?"

शिलाईला दर इंचाला १०-१२ टाके. बगल आणि मधली मागची शिवण यांना दोनदा टीप. बटण लावणारी मशीन बघून घ्या. एका धाग्याच्या साखळी टाक्याने लावलेलं बटण एक टोक ओढलं की सर्रकन निघतं. गाठ बसवणारी मशीन नसेल तर मागून हाताने दोन टाके घालायला एखाद्या अक्कांना बसवा. आमच्याकडे ज्या अक्का हे करतात त्या पूर्वी विड्या वळायच्या. बोटं इतकी वेगात चालतात की मशीनवाल्या पोराला लाज वाटावी. मजुरी नगावर ठरवा, पण पहिले तीन दिवस नव्या डिझाईनला रोजावर द्या. हात बसेपर्यंत नगावर काम दिलं की घाईत खिसा वाकडा बसतो आणि उसवायला दुप्पट वेळ जातो.

तपासणी शेवटी एकदाच करू नका. प्रत्येक गठ्ठ्यातला पहिला नग सील नमुन्याशेजारी ठेवून बघा. इस्त्री झाल्यावर चूक सापडली तर तिची किंमत तिप्पट होते. घडी अशी घाला की साईजचा आकडा फळीवरून दिसेल. दुकानदार जूनच्या गर्दीत घडी उलगडत बसत नाही.

नाव, लेबल, कागदपत्रं

हे भराभर सांगतो. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, ती आधी करा. जीएसटी घ्या, बाहेरच्या राज्यात माल जाणार असेल तर त्याशिवाय चालणार नाही. नाव ठरवलं की ट्रेडमार्कसाठी कपड्यांच्या वर्ग २५ मध्ये अर्ज करा. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाईन शुल्क वर्गाला ४,५०० रुपये. आधी त्या नावाचा शोध घ्या, नाहीतर हजार लेबलं छापून फुकट जातील. कपड्याचं बाह्य रूप खरोखर नवं असेल तर २००० सालच्या डिझाईन कायद्याखाली नोंदता येतं. १० वर्षं संरक्षण, पुढे ५ वर्षं वाढ. पण बाजारात दाखवण्याआधी अर्ज करावा लागतो. बाजूच्या खिशाला असं संरक्षण मिळत नाही आणि मी त्याच्या मागेही लागलो नाही. दोन वर्षांत गल्लीत चौघांनी तसा खिसा लावला.

बंद पाकिटात विकणार असाल तर उत्पादकाचं नाव-पत्ता, नग, साईज, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. गळ्यातलं लेबल मऊ घ्या. टोचणारं लेबल मूल पहिल्याच दिवशी कातरीने कापतं आणि त्यासोबत तुमचं नावही जातं.

विकायला कुणाकडे जायचं

शाळेने अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती करू नये असे शिक्षण विभागाचे आदेश आहेत. तरी मुख्याध्यापकांना नमुना दाखवा, कारण रंग आणि चौकट त्यांच्या हातात असते. खिसा दिसल्यावर एका बाईंनी मला विचारलं, "मोबाईल ठेवतील त्यात?" मी साडेपाच इंचाचं तोंड आणि सहा इंच खोली दाखवली आणि म्हटलं, "बाई, ठेवला तर वजनाने ट्यूनिक लोंबेल, लांबूनच दिसेल तुम्हाला." त्या हसल्या.

दुकानदारांकडे एक-दोन नग नेऊ नका, अख्खा साईज सेट न्या. सोलापुरातल्या चाटी गल्ली, नवी पेठेत फिरून भाव विचारा, पण पहिला माल शहराबाहेरच्या तालुक्याच्या गावांत द्या असं मी सांगेन. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटचा दुकानदार परतीचं कारण तोंडावर सांगतो. सोलापुरातल्या रेडीमेड उत्पादकांच्या संघटनेने गणवेशाची प्रदर्शनं भरवली आहेत, तिथे दुसऱ्या राज्यांतले व्यापारी येतात. प्रदर्शनात नुसती पत्रिका वाटू नका. तीस वेळा धुतलेला ट्यूनिक नव्याच्या शेजारी टांगा. आमच्या टेबलाशी लोक थांबले ते त्यासाठी.

पहिला माल किती करायचा? मी ६०० नग केले. मधली मापं, म्हणजे २६ ते ३२, जास्त. २० आणि ३८ अगदी थोडी. तरी ३८ चे अकरा नग अजून पोटमाळ्यावर आहेत. रंग एक-दोनच ठेवा, सगळ्या शाळांचे रंग करायला गेलात तर पैसा कापडात अडकतो.

उधारी हा या धंद्याचा जुना आजार. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. व्याज मी आजवर कुणाकडून घेतलेलं नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून फोन उचलले जातात.

जुलै

माल विकला गेला की लोक आवरतात. जुलैत दुकानांतून फेरी मारा आणि परत आलेले नग पैसे न कापता उचला. प्रत्येक नगावर खडूने कारण लिहा. आमच्या पहिल्या फेरीत तेवीस नग परत आले. नऊ नुसते साईज चुकलेले, सहा चेनचे, पाच शेडचे. उरलेले तीन एकाच मापाचे, २८ नंबर, कारण एकच: हात वर केला की काचतं. मास्तरांनी खिळ्यावरून २८ चा पुठ्ठा काढला, मुंढ्याची रेघ पाव इंच खाली घेतली, कोपऱ्यात तारीख घातली आणि जुनी रेघ खोडून न टाकता तिच्यावर नुसती फुली मारली.